अमेरिकेतले ट्रक ड्रायव्हर स्वतःला जास्तच भारी समजतात का? कौशल्य, पगार आणि मैलांचं गणित

अमेरिकेतल्या ट्रक ड्रायव्हरांच्या पगाराचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, चार आठवड्यांचा कोर्स केला की लायसन्स मिळतं, बसून स्टिअरिंग फिरवायचं, यांना एवढा पैसा आणि एवढा तोरा कशाला. दुसरा, बहुतेक वेळा स्वतः ड्रायव्हर, म्हणतो आम्ही चाकं थांबवली तर दुकानं रिकामी होतील, आम्हाला वर्षाला लाख डॉलर मिळायलाच पाहिजेत. ऐकणाऱ्याला वाटतं दोघं एकाच गोष्टीवर भांडतायत, पण नाही. यात तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत: काम किती अवघड आहे, त्या कामाला बाजारात भाव किती आहे, आणि आपण किती कमावतो असं ड्रायव्हरला स्वतःला वाटतं. तिन्हीची उत्तरं वेगळी आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो, कौशल्य खरं आहे आणि त्याचा अभिमान पण रास्त आहे, ड्रायव्हरची गफलत होते ती पगाराच्या आकड्यात. तो आकडा तो जास्त धरतो आणि स्वतःचे तास कमी धरतो.

आधी कौशल्याचं बघू, कारण बाहेरच्या लोकांचा सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. अमेरिकेच्या हायवेवर दिसतो तो मोठा ट्रक म्हणजे पुढे ट्रॅक्टर आणि मागे जोडलेला, साधारण 53 फुटी ट्रेलर. मालासकट वजनाची कायदेशीर मर्यादा 80,000 पाउंड, म्हणजे छत्तीस टनांच्या वर. हे धूड रिव्हर्समध्ये डॉकला, म्हणजे गोदामाच्या माल चढवायच्या-उतरवायच्या फलाटाला, लावायचं म्हणजे काय ते बघा. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलरचं शेपूट उजवीकडे जातं, आणि जरा जास्त वळलं की ट्रेलर आणि ट्रॅक्टर एकमेकांत कोन करून अडकायला लागतात, मग पुढे घ्या, सरळ करा, परत मागे या. डाव्या बाजूने मागे येत असाल तर निदान खिडकीतून ट्रेलरचा कोपरा दिसतो, उजव्या बाजूने यायचं असलं तर थोड्या वेळाने आरशात फक्त ट्रेलरची भिंत दिसते, मागचं काहीच नाही. अशावेळी शहाणा ड्रायव्हर ब्रेक लावतो, खाली उतरतो, मागे चालत जाऊन बघून येतो, परत चढतो. रात्री, पावसात, दोन्ही बाजूला दुसरे ट्रेलर हातभर अंतरावर उभे असताना. हे चार आठवड्यांत शिकवतात खरं, पण येत नाही. यायला कित्येक महिने जातात.

दुसरं म्हणजे घाट. कोलोराडोमध्ये आय-70 हायवे आयझेनहॉवर बोगद्यातून बाहेर पडून डेन्व्हरच्या दिशेने उतरतो तिथे 6-7 टक्क्यांचे उतार आहेत. भरलेला ट्रक अशा उतारावर नुसत्या ब्रेकवर उतरवायला गेलं तर ब्रेक तापतात आणि तापलेला ब्रेक धरत नाही, कितीही दाबा. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाकायचा, इंजिननेच वेग आवरणारा इंजिन ब्रेक लावायचा, आणि वेग आधीच कमी ठेवायचा, कारण एकदा वेग वाढला की खालचा गिअर पडतच नाही. 25 एप्रिल 2019 ला याच रस्त्यावर लेकवूड गावाजवळ एका भरधाव ट्रकने ट्रॅफिकमध्ये थांबलेल्या गाड्यांना धडक दिली, चार माणसं गेली. ड्रायव्हर 23 वर्षांचा होता, ब्रेक गेले असं त्याचं म्हणणं होतं, पण वाटेत बेकाबू ट्रकसाठी बांधलेला वाळू-खडीचा चढ होता आणि तो त्याने घेतला नाही. हे कौशल्य रोज दिसत नाही, नसलं की मात्र असं दिसतं.

म्हणजे 'कोणीही करेल' हे म्हणणं चूक. पण म्हणून ड्रायव्हर स्वतःबद्दल जे सांगतात ते सगळं बरोबर का? इथे जरा थांबायला पाहिजे, कारण गोष्ट इंटरेस्टिंग आहे.

1981 मध्ये ओला स्वेन्सन नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या आणि स्वीडनमधल्या विद्यार्थ्यांना विचारलं की गाडी चालवण्यात तुम्ही इतरांच्या तुलनेत कुठे बसता. अमेरिकेतल्या 93 टक्के लोकांनी स्वतःला वरच्या निम्म्यात बसवलं. स्वीडनमध्ये 69 टक्के. आता वरच्या निम्म्यात पन्नास टक्केच मावतात. हे ट्रकवाले नव्हते, साधी गाडी चालवणारे होते, त्यामुळे स्वतःला सरासरीपेक्षा वरचढ समजणं हा काही ट्रक ड्रायव्हरांचा खास रोग नाही, ड्रायव्हिंग या कामातच तसं काहीतरी आहे.

काय आहे? माझ्या मते कारण हे की ड्रायव्हिंगमध्ये काही चुकांचं उत्तर लगेच मिळतं आणि काहींचं वर्षानुवर्षं मिळत नाही. डॉकला ट्रेलर वाकडा लागला तर तिथल्या तिथे कळतं, सगळा यार्ड बघत असतो. म्हणून रिव्हर्सबद्दल ड्रायव्हरचा स्वतःविषयीचा अंदाज बऱ्यापैकी बरोबर असतो, नवीन पोरगा पण सांगतो की मला अजून जमत नाही. पण पुढच्या गाडीपासून पुरेसं अंतर न ठेवणं, झोप आलेली असताना अजून तासभर रेटणं, या चुकांचं काय? 65 मैल वेगाने जाणाऱ्या भरलेल्या ट्रकला थांबायला पाचशे फुटांच्या वर रस्ता लागतो, आणि तेवढं अंतर न ठेवता माणूस वर्षाला लाखभर मैल चालवतो आणि बहुतेक वेळा काहीच होत नाही. मग तो काय शिकतो? की आपण बरोबर चालवतो. दहा वर्षं अपघात नाही यात कौशल्य किती आणि नशीब किती हे एका माणसाच्या रेकॉर्डवरून नीट वेगळं करता येत नाही, त्याला स्वतःला तर अजिबातच नाही. ज्या कौशल्याला सगळ्यात जास्त महत्त्व आहे त्याच्याबद्दलच अंदाज सगळ्यात कच्चा राहतो.

आता भावाकडे येऊ. काम अवघड आहे म्हणून पगार जास्त, असं बाजारात चालत नाही. पगार ठरतो तो हे काम करायला तयार असलेली माणसं किती आहेत आणि एक गेला तर दुसरा किती लवकर उभा करता येतो यावर. इलेक्ट्रिशियन व्हायला अमेरिकेत साधारण चार-पाच वर्षं उमेदवारी करावी लागते, ट्रकचं लायसन्स काही आठवड्यांत निघतं. अमेरिकेच्या सरकारी कामगार आकडेवारीत मे 2023 मध्ये मोठे ट्रक चालवणाऱ्यांचं मध्यम वार्षिक वेतन 54,320 डॉलर होतं, म्हणजे निम्मे त्याच्या वर, निम्मे खाली. इलेक्ट्रिशियनचं 61,590. आणि सगळ्या नोकऱ्या मिळून 48,060. म्हणजे ट्रक ड्रायव्हर सगळ्यांच्या मध्यापेक्षा थोडा वर आहे, उपाशी नाही, पण लाख डॉलर हे नेहमीचं चित्र पण नाही.

आणि जुने ड्रायव्हर जेव्हा म्हणतात की पूर्वी या धंद्यात पैसा होता तेव्हा ते खोटं बोलत नसतात. 1935 च्या कायद्यापासून मालवाहतुकीचे दर आणि कोणत्या कंपनीने कोणत्या मार्गावर चालायचं हे सरकारी आयोगाच्या हातात होतं, नवीन कंपनीला आत शिरणं अवघड होतं, आणि ड्रायव्हरांची टीमस्टर्स युनियन एवढी ताकदवान होती की 1964 मध्ये तिचा अध्यक्ष जिमी हॉफाने देशभरासाठी एकच वेतन करार करून घेतला. 1980 मध्ये नवीन कायदा आला, दर मोकळे झाले, हजारो नवीन कंपन्या आल्या, भाडी पडली आणि महागाई धरून बघितलं तर लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरचा पगार पण पडला. 1979 चा ड्रायव्हर काही आजच्या ड्रायव्हरपेक्षा जास्त कुशल नव्हता. त्याच्या पगारात कौशल्याच्या जोडीला बंद दाराचा आणि युनियनचा भाव पण धरलेला होता. आपला पगार म्हणजे आपल्या कौशल्याची किंमत असं जो धरून बसतो तो मग पगार पडल्यावर गोंधळतो, कारण हात तेच, रस्ता तोच, पैसे कमी.

कौशल्याचा भाव यंत्रं पण बदलतात. दहा, तेरा, अठरा गिअरची गाडी क्लच न दाबता इंजिनच्या आवाजावर बदलणं ही खरोखर कला आहे, पण आता मोठ्या कंपन्यांच्या बहुतेक नव्या ट्रकांमध्ये गिअर आपोआप पडतात. नकाशा वाचणं जीपीएसने खाल्लं. कला अवघड होती, अजून तेवढीच अवघड आहे, पण तिला गिऱ्हाईक उरलं नाही. उलट टँकर, धोकादायक रसायनं, अवाढव्य आकाराचा माल अशा कामांना आजही जादा पैसे मिळतात, कारण तिथे माणसं कमी आणि चूक महाग. वॉलमार्टने 2022 मध्ये जाहीर केलं की त्यांचे ड्रायव्हर पहिल्याच वर्षी 1,10,000 डॉलरपर्यंत कमावू शकतील. तो आकडा सगळीकडे फिरला, पण तिथे लायसन्स घेऊन सरळ उभं राहता येत नाही, अनुभव आणि स्वच्छ रेकॉर्ड लागतं.

आता मुख्य गोष्ट. मिचेल हॉफमन आणि स्टीफन बर्क्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी एका मोठ्या अमेरिकन ट्रक कंपनीत दोन वर्षांचा डेटा बघितला, त्यांचा पेपर 2020 मध्ये छापून आला. ड्रायव्हरांना दर आठवड्याला विचारायचे, पुढच्या आठवड्यात किती मैल होतील असं वाटतं? आणि मग खरे मैल किती झाले ते बघायचं. ड्रायव्हर सतत जास्त सांगत होते. एखादा आठवडा नाही, पुन्हा पुन्हा, अनुभव वाढत गेला तरी सवय सहज जाईना. आता लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला पगार मैलावर मिळतो, त्यामुळे मैल जास्त धरणं म्हणजे पगारच जास्त धरणं.

असं का होत असेल? माझा अंदाज असा की माणूस आपला चांगला आठवडा हाच खरा आठवडा समजतो. समजा मैलाला 55 सेंट मिळतात. एका आठवड्यात सगळे लोड वेळेवर मिळाले, हवामान छान, 2,800 मैल झाले, 1,540 डॉलर हातात. डोक्यात तो आकडा पक्का बसतो. पुढच्या आठवड्यात एका वेअरहाऊसमध्ये पाच तास गेले, त्याच्या पुढच्यात बर्फामुळे रस्ता बंद, मग टायर फुटला, मग कामं वाटून देणाऱ्या डिस्पॅचरने लोडच दिला नाही, आणि सरासरी निघते 2,200 मैल म्हणजे 1,210 डॉलर. ड्रायव्हर म्हणतो हा आठवडा अपवाद होता. पण दर आठवड्याला काहीतरी अपवाद येतोच, अपवाद हाच नियम आहे. आठवड्याचा 330 डॉलरचा हा फरक पन्नास आठवड्यांत 16,500 डॉलर होतो, आणि घराचा हप्ता, ट्रकचं कर्ज, सगळं त्या 2,800 वर ठरवलेलं असतं.

त्या अभ्यासात अजून एक गोष्ट निघाली जी मला फार महत्त्वाची वाटते. जे ड्रायव्हर जास्त मैलांची आशा धरतात त्यांची नोकरी सोडण्याची शक्यता कमी असते. पुढचा आठवडा चांगला जाईल म्हणून थांबतात. त्यामुळे ड्रायव्हरचं काही प्रमाणात नुकसान होतं आणि कंपनीचा नफा बऱ्यापैकी वाढतो, कारण कंपनीने त्याला शिकवायला खर्च केलेला असतो आणि तो वसूल व्हायला माणूस टिकायला लागतो. मोठ्या कंपन्या ट्रेनिंग फुकट देतात आणि वर्षभर थांबायचा करार करून घेतात, मध्येच सोडलं तर हजारो डॉलर मागतात. ड्रायव्हर स्वतःबद्दल जास्त समजतो अशी तक्रार करणाऱ्यांनी हे बघावं की त्या समजुतीचा सगळ्यात मोठा फायदा कोणाला होतो. आणि एवढं असूनसुद्धा लांब पल्ल्याच्या मोठ्या कंपन्यांत कित्येक वर्षं ड्रायव्हर बदलण्याचं प्रमाण वर्षाला 90 टक्क्यांच्या वर राहिलेलं आहे. कंपन्यांची संघटना याला ड्रायव्हरांचा तुटवडा म्हणते, 2021 मध्ये त्यांनी 80,000 ड्रायव्हर कमी आहेत असं सांगितलं. पण याच बर्क्स यांनी क्रिस्टन मोनॅको यांच्याबरोबर 2019 मध्ये दाखवलं होतं की हा बाजार इतर कामांच्या बाजारासारखाच चालतो, पगार वाढला की माणसं येतात. माणसं कमी नाहीत, त्या पगारात त्या हालात टिकणारी कमी आहेत.

आता तास. इथे ड्रायव्हर उलट्या बाजूने चुकतो. 2,200 मैल ताशी 55 च्या सरासरीने 40 तास होतात, 1,210 भागिले 40, तासाला 30 डॉलर, वा! पण रोज निघण्याआधी टायर, ब्रेक, हवेचं प्रेशर, दिवे तपासायचे, डिझेल भरायचं, माल भरताना-उतरवताना थांबायचं, यात आठवड्याला सहज पंचवीस तास जातात आणि त्यातले बरेचसे बिनपगारी. 65 तासांनी भागा, तासाला साडेअठरा डॉलर. वर आठवड्यातल्या पाच-सहा रात्री घराबाहेर, ट्रकच्या मागच्या बर्थवर, त्या कशातच धरल्या नाहीत.

नियम असा आहे की सलग 10 तास विश्रांती घेऊन कामाला सुरुवात केली की 14 तासांची खिडकी उघडते आणि तिच्या आत जास्तीत जास्त 11 तास गाडी चालवता येते. हे घड्याळ डॉकवर वाट बघताना सहसा थांबत नाही. सकाळी सहाला डॉकवरच दिवस सुरू केलात, फोर्कलिफ्टवाला अकराला आला, पाच तास गेले, आता उरलेल्या नऊ तासांत जेवढं जमेल तेवढं. पूर्वी कागदी वहीत हे तास इकडेतिकडे करता यायचे, डिसेंबर 2017 पासून बहुतेक ट्रकांना इलेक्ट्रॉनिक यंत्र सक्तीचं झालं, ते इंजिनलाच जोडलेलं असतं. सुरक्षेसाठी हे बरोबरच आहे. पण वाट बघण्याचा भुर्दंड मात्र बराचसा ड्रायव्हरच्या खिशावर आला, साधारण पहिले दोन तास तर फुकटच धरायची पद्धत आहे.

शरीराचा खर्च पण कोणी पगारातून वजा करत नाही. 2010 च्या एका सरकारी सर्व्हेमध्ये लांब पल्ल्याचे 69 टक्के ड्रायव्हर लठ्ठ निघाले, साधारण अमेरिकन कामगारांच्या दुप्पट, आणि निम्मे सिगारेट ओढणारे.

स्वतःचा ट्रक असणाऱ्यांची गफलत तर अजून मोठी. 'मी वर्षाला अडीच लाख डॉलर करतो' असं कोणी म्हणालं की समजायचं हा धंद्याचा गल्ला सांगतोय, कमाई नाही. अमेरिकेतल्या वाहतूक संशोधन संस्थेच्या हिशोबाने 2023 मध्ये ट्रक चालवायचा खर्च मैलाला सरासरी 2.27 डॉलर होता, ड्रायव्हरचा पगार धरून. वर्षाला लाख मैल धरले तर सव्वादोन लाखाच्या वर खर्च. नुसतं डिझेल बघा, गॅलनला साडेसहा मैल म्हणजे पंधरा हजार गॅलन, चार डॉलरने साठ हजार. 2021 आणि 2022 च्या सुरुवातीला भाड्याचे दर आकाशाला भिडले तेव्हा कित्येकांनी महागडे सेकंडहँड ट्रक कर्जावर घेतले, आपण धंद्यात हुशार आहोत असं वाटणं त्यावेळी साहजिक होतं, पैसे येतच होते. नंतर दर कोसळले, हप्ते तसेच राहिले. ते लोक वर्षभरात बिनडोक झाले नव्हते, आधीची कमाई बाजाराची होती, ती त्यांनी स्वतःच्या नावावर लिहिली होती.

असाच घोळ बाहेरचे लोक पण करतात. 2023 मध्ये यूपीएस या पार्सल कंपनीच्या करारानंतर ड्रायव्हरला 1,70,000 डॉलर मिळणार अशी बातमी झाली आणि लोक खवळले. तो आकडा पगाराचा नव्हता, त्यात आरोग्य विमा, पेन्शन असं सगळं होतं, तोही पाच वर्षांच्या कराराच्या शेवटचा, आणि ती घरोघरी पार्सल पोचवणाऱ्या युनियनवाल्या ड्रायव्हरांची गोष्ट होती, लांब पल्ल्याच्या ट्रकवाल्यांची नाही.

म्हणून नवीन कोणी या धंद्यात जायचा विचार करत असेल तर मैलाला किती सेंट हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी विचारावं, गेल्या तीन महिन्यांत तुमच्या मधल्या फळीतल्या ड्रायव्हरला आठवड्याला किती मैल मिळाले, सगळ्यात चांगल्याला नाही. मैल कसे मोजता, खरे चाललेले की कंपनीच्या तक्त्यातले, कारण तक्त्यातले बहुधा कमी भरतात. डॉकवर थांबल्याचे पैसे कितव्या तासापासून. करार मोडला तर किती द्यायचे.

आणि मूळ कायद्यातलं भोक बुजवायचा प्रश्न आहेच. अमेरिकेत आठवड्याला 40 तासांच्या वर काम झालं की दीडपट ओव्हरटाइम द्यायचा हा 1938 चा कायदा आहे, पण राज्यांच्या सीमा ओलांडून माल नेणाऱ्या ड्रायव्हरांना त्यातून वगळलेलं आहे. ते वगळणं काढून टाकायचं बिल 2022 मध्ये संसदेत मांडलं गेलं, 2023 मध्ये पुन्हा. वरच्या हिशोबातले ते पंचवीस तास असेच उडतात कारण ते उडवल्याने कोणाला काही खर्च येत नाही. वाट बघायला लावणाऱ्याला तासाचं बिल गेलं तर फोर्कलिफ्टवाला अकराच्या जागी सातला येईल.